डीव्हीडी राइट होते, पण दुसरीकडे उघडत नाही: जुन्या पीसीवर लिनक्स टर्मिनलमधून दोष कसा पकडायचा

लक्षण ठरलेलं आहे. टर्मिनलमध्ये कमांड दिली, टक्केवारी शंभरावर गेली, ट्रे बाहेर आला. डिस्क त्याच पीसीवर उघडते, फाइलींची यादीही दिसते. दुसऱ्या मशीनमध्ये घातली की निम्म्या फाइली कॉपी होतात आणि मग काटा अडकतो. कधी राइट चालू असतानाच नव्वद टक्क्यांच्या आसपास ‘इनपुट/आउटपुट एरर’ येऊन सगळं थांबतं. मग दुसरी कोरी डिस्क घातली जाते, तीच कमांड दिली जाते आणि पुन्हा तेच होतं.

ठाणे शहरात हे काम अजून बरंच चालतं. नौपाड्यातल्या, कोपरीतल्या जुन्या सोसायट्यांच्या ऑफिसात एखादा जुनाट पीसी असतो आणि नवं विंडोज झेपत नाही म्हणून त्यावर कुणीतरी हलकं लिनक्स टाकून दिलेलं असतं. सीसीटीव्हीचं फुटेज वकिलाकडे द्यायचं झालं की डीव्हीडी मागितली जाते. गाण्याचा क्लास घेणाऱ्या बाईंना घरच्या सीडी प्लेअरवर वाजणारी ऑडिओ सीडी हवी असते. आणि सेक्रेटरी काका विचारतात, “अरे, डीव्हीडी झाली म्हणालास ना? मग तिकडे उघडत का नाही?”

यावर ‘डिस्क खराब निघाली’ हे उत्तर फार पटकन दिलं जातं. जुन्या पीसीवर मी डिस्कवर सगळ्यात शेवटी संशय घेतो. आधी बघायचं ते हे, की कॉम्प्युटरकडून रायटरपर्यंत डेटा सलग पोहोचतो आहे का. ते कळायला डिस्क वाया घालवावी लागत नाही; राइट चालू असताना स्क्रीनवर दोन आकडे दिसत असतात, ते वाचता आले की अर्धं निदान तिथेच होतं.

एक सूचना आधीच देतो. खालच्या कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलमध्ये त्या इंग्रजी लिपीत, लहान अक्षरांत टाइप करायच्या. जिथे मोठं अक्षर लागतं तिथे तसं सांगितलं आहे.

प्रोग्राम कोणता वापरताय?

सीडीसाठी यॉर्ग शिलिंग यांचा सीडीरेकॉर्ड हा मूळ प्रोग्राम. परवान्यावरून वाद झाला आणि २००६ मध्ये डेबियनने त्याचा वेगळा फाटा काढला. त्यातला राइट करणारा प्रोग्राम म्हणजे वोडिम, स्पेलिंग डब्ल्यू-ओ-डी-आय-एम, आणि आयएसओ, म्हणजे सबंध डिस्कची एकाच फाइलीतली प्रत, बनवणारा जेनआयएसओइमेज. डेबियन-उबंटू घराण्याच्या बऱ्याच मशीनवर तुम्ही सीडीरेकॉर्ड टाइप केलं तरी आतून वोडिमच चालतो.

वोडिम सीडीसाठी चांगला आहे. डीव्हीडीसाठी तो वापरू नका. डीव्हीडीसाठी अँडी पोल्याकोव्ह यांचा ग्रोआयएसओएफएस घ्या. तो डीव्हीडी-प्लस-आरडब्ल्यू-टूल्स या पॅकेजात येतो. किंवा झोरिसो घ्या, स्पेलिंग एक्स-ओ-आर-आर-आय-एस-ओ. जुन्या लेखांतून उचललेली वोडिमची कमांड डीव्हीडीवर चालवणं हेच कित्येकदा दुखण्याचं मूळ असतं. प्रोग्राम बदलला की बाकी काही न करता काम होतं.

रायटरला काय काय लिहिता येतं ते कर्नलला, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याला, विचारा:

कॅट /प्रॉक/सिस/डेव्ह/सीडीरॉम/इन्फो

‘कॅन राइट डीव्हीडी-आर’ या ओळीपुढे ० असेल, तर तो नुसता कॉम्बो ड्राइव्ह आहे, म्हणजे डीव्हीडी वाचतो आणि फक्त सीडी लिहितो. जुन्या लॅपटॉपमध्ये असे ड्राइव्ह सर्रास असायचे.

ते दोन आकडे

आधी आयएसओ बनवून हार्ड डिस्कवर ठेवा, मग ती राइट करा. जुन्या मशीनवर फोल्डर थेट डिस्कवर ओतायला जाऊ नका. शेकडो बारीक फाइली शोधत हार्ड डिस्कचं हेड इकडून तिकडे पळत राहतं आणि रायटर उपाशी राहतो. पेन ड्राइव्हवरून किंवा नेटवर्कवरून थेट राइट करणंही टाळा.

जेनआयएसओइमेज -आर -जे -ओ फुटेज.आयएसओ फुटेज/

इथे आर आणि जे मोठे, ओ लहान. मग डीव्हीडीसाठी:

ग्रोआयएसओएफएस -डीव्हीडी-कॉम्पॅट -स्पीड=४ -झेड /डेव्ह/एसआर०=फुटेज.आयएसओ

झेड मोठा, आणि एसआरच्या पुढे शून्य. आता कमांड सोडून चहाला जाऊ नका. दर काही सेकंदांनी एक ओळ सरकते. तिच्यात किती बाइट झाले, किती टक्के झाले, किती वेळ उरला हे असतं आणि शेवटी ‘आरबीयू १००.०% यूबीयू ९७.५%’ असं काहीतरी. आरबीयू म्हणजे ग्रोआयएसओएफएसने रॅममध्ये भरून ठेवलेला साठा. यूबीयू म्हणजे रायटरच्या पोटातल्या बफरमधला, म्हणजे तात्पुरत्या मेमरीतला, साठा. सीडी लिहिताना वोडिम हीच माहिती ‘फिफो’ आणि ‘बफ’ या नावांनी दाखवतो.

आरबीयू खाली यायला लागला तर दोष मागे आहे: हार्ड डिस्क हळू चालली आहे, रॅम कमी पडून स्वॅप (हार्ड डिस्कचा रॅमसारखा वापर) सुरू झाला आहे, किंवा त्याच वेळी ब्राउझरमध्ये कुणीतरी व्हिडिओ लावला आहे. आरबीयू शंभराला टेकून आहे आणि यूबीयू मात्र सारखा कोसळतो, तर पीसीत माल तयार आहे पण रायटरपर्यंतच्या वाटेत अडतो आहे. केबल, डीएमए (प्रोसेसरला मधे न घेता डेटा हलवण्याची पद्धत), यूएसबी पोर्ट यांपैकी काहीतरी. आणि दोन्ही आकडे शेवटपर्यंत भरलेले असताना एरर आली, तेव्हाच डिस्क, लेझर आणि वीजपुरवठा यांच्याकडे वळायचं. काही ड्राइव्ह यूबीयू सुरुवातीपासून एकाच आकड्यावर दाखवतात; तसं असेल तर त्यावर भिस्त ठेवू नका, आरबीयू आणि वेग बघा.

वोडिम शेवटी एक हिशोबही देतो: फिफो किती वेळा रिकामा झाला, कमीत कमी किती भरलेला होता आणि ‘बर्न-फ्री’ किती वेळा वापरावं लागलं. साधारण २००० सालापासूनच्या रायटरमध्ये बफर आटला तर लेझर थांबवून, डेटा आल्यावर तिथूनच पुढे लिहायची ही सोय आली. त्याआधी बफर आटला की सीडी गेलीच. ही सोय असल्यामुळे आता एरर दिसत नाही, पण प्रत्येक वेळी ट्रॅकमध्ये एक बारीक जोड राहतो. एखाददुसरा जोड काही बिघडवत नाही. डझनावारी जोड पडलेली सीडी तुमच्या रायटरवर वाचली जाईल, पण दुसऱ्याच्या जुन्या, झिजलेल्या ड्राइव्हवर अडखळू शकते. ‘इथे चालते, तिथे नाही’ यामागे पुष्कळदा हेच असतं.

वाटेतला दोष

एका पटीचा वेग सीडीसाठी सेकंदाला १५० किलोबाइट असतो आणि डीव्हीडीसाठी १३८५ किलोबाइट. म्हणजे डीव्हीडी ८ पटीने लिहायची तर सेकंदाला ११ एमबी अखंड पोहोचले पाहिजेत. आयडीई ड्राइव्ह (चपट्या पट्टीच्या केबलवरचा जुना प्रकार) डीएमएऐवजी पीआयओ मोडमध्ये, म्हणजे प्रोसेसरच्या हाताने, चालत असेल तर कागदावर कमाल १६.६ एमबी मिळतात, प्रत्यक्षात त्याहून बरेच कमी, आणि सगळा भार प्रोसेसरवर पडतो. राइट सुरू झाल्यावर माउसचा बाण अडखळायला लागला तर पीआयओचा संशय घ्या. खात्रीसाठी:

डीमेसेज | ग्रेप -आय कॉन्फिगर्ड

डीमेसेजचं स्पेलिंग डी-एम-ई-एस-जी; तो कर्नलच्या नोंदी दाखवतो. रायटरच्या ओळीत ‘यूडीएमए/३३’ किंवा त्याहून मोठा आकडा दिसला तर ठीक. ‘पीआयओ४’ दिसलं तर चोर सापडला. कधी सुरुवातीला यूडीएमए असतं आणि नंतर ‘लिमिटिंग स्पीड’ अशी ओळ येते. केबलवर चुका होत राहिल्या की कर्नल स्वतःच वेग उतरवतो. फार जुन्या कर्नलवर, जिथे रायटर एचडीसी नावाने दिसतो, तिथे एचडीपार्मला -डी१ देऊन डीएमए चालू करता येतं. नव्या कर्नलवर तो उपाय चालत नाही, तिथे मूळ दोषच काढावा लागतो.

तो बहुतेक वेळा चपट्या पट्टीच्या केबलमध्ये असतो. कॅबिनेट उघडा. हार्ड डिस्क आणि रायटर एकाच पट्टीवर मास्टर-स्लेव्ह करून लावलेले दिसले, तर आधी ते वेगळे करा, कारण आयडीईच्या एका चॅनलवर एका वेळी एकाच उपकरणाची देवाणघेवाण होते. हार्ड डिस्क वाचते तेव्हा रायटर थांबतो, रायटर घेतो तेव्हा हार्ड डिस्क थांबते. मदरबोर्डावर बहुधा दुसरं सॉकेट रिकामं असतं. रायटर तिथे न्या आणि मागचा जंपर मास्टरवर करा. पट्टी दुमडून चपटी झालेली असेल तर बदला, आणि बदलताना ८० तारांची घ्या. लॅमिंग्टन रोडला जुन्या मालाच्या दुकानांत चौकशी केली की मिळते.

बाहेरून लावायचा यूएसबी रायटर असेल तर डीमेसेजमध्ये ‘फुल-स्पीड’ आणि ‘हाय-स्पीड’ यातला फरक नीट बघा. नाव फुल असलं तरी फुल-स्पीड हा यूएसबी १.१ चा सेकंदाला १२ मेगाबिटचा वेग आहे. त्यातून जेमतेम एक एमबी जातो, म्हणजे डीव्हीडीची एक पटही भागत नाही. हाय-स्पीड म्हणजे ४८० मेगाबिट. ‘फुल-स्पीड’ दिसलं तर त्या पोर्टवर डीव्हीडीचा नाद सोडा आणि फक्त सीडी करा, तीही ४ पटीने. शिवाय असा रायटर पुढच्या पॅनेलला लावू नका. मागच्या, थेट मदरबोर्डावरच्या पोर्टला लावा. लेझर पूर्ण ताकदीने लिहायला लागला की पुढच्या पोर्टवर त्याला करंट कमी पडतो आणि ड्राइव्ह मधेच गायब होतो.

वाटेतला आणखी एक अडथळा म्हणजे डेस्कटॉप. डिस्क घातली की ती आपोआप माउंट करणारा, म्हणजे वाचायला जोडून घेणारा, प्रोग्राम मागे सारखा रायटरला हाक मारत असतो. ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ ही ओळ आली तर आधी अनमाउंट करा. तरीही हटत नसेल तर राइट होईपर्यंत यूडिस्क्स२ ही सेवा सिस्टिमसीटीएलने थांबवा. ‘परमिशन डिनाइड’ येत असेल तर तुमचा युजर सीडीरॉम ग्रुपमध्ये आहे का ते ‘आयडी’ कमांडने बघा. ग्रुपमध्ये घातल्यावर एकदा लॉगआउट करावं लागतं.

एरर कोड वाचा

दोन्ही आकडे उत्तम आणि तरी एरर आली, तर ओळीतला ‘एसके’, म्हणजे दोषाचा मुख्य प्रकार सांगणारा कोड, बघा. ३एच म्हणजे माध्यमाचा दोष. ४एच म्हणजे ड्राइव्हच्या हार्डवेअरचा. ५एच म्हणजे तुम्ही मागितलेलं ड्राइव्हला मान्य नाही, उदाहरणार्थ न चालणाऱ्या प्रकारची डिस्क. २एच म्हणजे ड्राइव्ह तयारच नाही. बीएच म्हणजे आज्ञा मधेच तुटली. तेव्हा पुन्हा केबलकडे या.

सगळ्यात जास्त दिसणारा कोड म्हणजे एसके ३एच, एएससी ७३एच, एसीक्यू ०३एच, आणि सोबत ‘परफॉर्म ओपीसी फेल्ड’. लिहिण्याआधी रायटर डिस्कच्या आतल्या कडेला राखीव जागेत लेझरची ताकद आजमावून बघतो. त्यात त्याला समाधानकारक ताकद सापडली नाही, असा याचा अर्थ. कारणं चार: रायटरला न ओळखता येणारी डिस्क, मळलेली लेन्स, थकलेला लेझर, किंवा कमी पडणारे १२ व्होल्ट.

डिस्क ओळखण्याचं असं आहे, की प्रत्येक डिस्कवर कारखान्याचा कोड असतो आणि रायटरच्या फर्मवेअरमध्ये त्या कोडपुढे लिहिण्याची पद्धत साठवलेली असते. वरचा छापील ब्रँड त्याला कळत नाही. सीडीचा कोड वोडिमला -एटीआयपी देऊन दिसतो, डीव्हीडीचा डीव्हीडी+आरडब्ल्यू-मीडियाइन्फो देऊन. तिथेच ती डिस्क तुमच्या रायटरवर कोणत्या वेगांना तयार आहे तेही छापलं जातं. त्यातला मधला वेग घ्या. ‘जितकं हळू तितकं चांगलं’ हा सल्ला सरसकट खरा नाही. ५२ पटीसाठी बनवलेली सीडी ४ पटीने लिहिली तर ती १६ पटीने लिहिलेल्या सीडीपेक्षा वाईट निघू शकते, कारण तिचा रंगद्रव्याचा थर वेगवान लेझरसाठी जुळवलेला असतो. जुन्या रायटरवर नवी सीडी १६ ला आणि डीव्हीडी ४ किंवा ८ ला, इथून मी सुरुवात करतो. एकेकाळी आपल्याकडे गल्लोगल्ली मोझर बेअरच्या डिस्क मिळायच्या. २०१८ मध्ये कंपनी अवसायनात गेली. आता जो माल मिळतो त्याची पाच-दहाची लहान खरेदी करून कोड बघावा, मगच शंभराची गड्डी घ्यावी.

आपल्याकडे हवेचा भाग मोठा आहे. जूनपासून सप्टेंबरपर्यंत खाडीकडच्या इमारतींत, कोलशेत-बाळकुमपासून कळव्यापर्यंत, तळमजल्यावरच्या ऑफिसात दमटपणा इतका असतो की बंद पीसीच्या लेन्सवर ओल धरते आणि त्यावर धूळ चिकटून बसते. पावसाळ्यात राइट करायच्या आधी पीसी अर्धा-पाऊण तास चालू ठेवा, आतली हवा कोरडी होऊ द्या. लेन्स पुसायची तर कापसाच्या काडीला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब लावून, वजन न देता, एकदाच गोल फिरवा. लेन्स बारीक तारांवर तरंगती असते, दाबली की कामातून गेली. तोंडाने फुंकर मारू नका. कोऱ्या डिस्क गड्डीच्या डब्यात, झाकण लावून, भिंतीपासून लांब ठेवा. सीडीचा चमकणारा थर वरच्या लेबलाच्या बाजूला अगदी पृष्ठभागाशी असतो, त्यामुळे बुरशी किंवा चरा वरून लागला तर खालची बाजू स्वच्छ असूनही डेटा जातो. डीव्हीडीत तो थर दोन चकत्यांच्या मधे सुरक्षित असतो.

व्होल्टेज बायोसच्या (पीसी चालू होताना उघडणाऱ्या सेटिंगच्या) हार्डवेअर मॉनिटरमध्ये दिसतं. १२ व्होल्टच्या पुढे ११.४ पेक्षा कमी आकडा असेल तर एसएमपीएस, म्हणजे पीसीचा वीजपुरवठ्याचा डबा, बदला.

ऑडिओ सीडी

इथे दोष बहुधा फाइलीत असतो. एमपीथ्री तशाच सीडीवर टाकल्या तर ती डेटा सीडी होते आणि साधा प्लेअर ती वाजवत नाही. फाइली ४४,१०० हर्ट्‌झ, १६ बिट, स्टिरिओ वेव्हमध्ये करून घ्या, मग वोडिमला -ऑडिओ -पॅड -डीएओ द्या. डीएओ म्हणजे सगळी डिस्क एका दमात लिहिणं; ते नाही दिलं तर दर दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची शांतता पडते. विलंबित ख्यालाचं रेकॉर्डिंग ट्रॅकमध्ये तोडलेलं असेल तर ती शांतता ऐन समेच्या तोंडाशी येते आणि फार टोचते.

पडताळणी

डिस्क वाचून बघितल्याशिवाय ती कुणाच्या हातात देऊ नका. आधी ट्रे बाहेर काढून परत आत घ्या, नाहीतर कर्नलला डिस्कची जुनीच माहिती आठवत असते. मग तुलना करा. इथे एक खोटा इशारा पुष्कळांना घाबरवतो. सीडी ट्रॅक-अॅट-वन्स, म्हणजे एकेक ट्रॅक सुटा लिहिण्याच्या, पद्धतीने लिहिली असेल तर शेवटी दोन रन-आउट ब्लॉक राहतात. ते वाचता येत नाहीत, पण डिस्कच्या लांबीत मोजले जातात. सबंध डिस्क वाचायला गेलं की अगदी शेवटी इनपुट/आउटपुट एरर येते आणि डेटा ठीक असूनही सीडी फेकली जाते. उपाय दोन: सीडी -डीएओ देऊन लिहा, आणि वाचताना नेमके हवे तेवढेच ब्लॉक वाचा. आयएसओचा आकार बाइटमध्ये घेऊन २०४८ ने भागायचा. समजा फाइल ७३,४०,०३,२०० बाइटची आहे, तर ब्लॉक झाले ३,५८,४००. मग:

डीडी इफ=/डेव्ह/एसआर० बीएस=२०४८ काउंट=३५८४०० | एसएचए२५६सम

हा आकडा आणि आयएसओ फाइलचा एसएचए२५६सम अक्षरशः जुळला पाहिजे. डीव्हीडीलाही काउंट द्याच, कारण तिथे १६ ब्लॉकचा गठ्ठा पूर्ण करण्यासाठी शेवटी भर पडलेली असू शकते आणि तुलना उगीच चुकते.

फुटेजच्या बाबतीत याला आणखी वजन आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम ६३ खालच्या प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य (फाइलीतून काढलेला तिच्या ठशासारखा आकडा) आणि ते कोणत्या पद्धतीने काढलं हे लिहायची जागा आहे. एसएचए२५६ त्यात आहे. म्हणून राइट करायच्या आधी प्रत्येक व्हिडिओ फाइलचा हॅश काढून यादी ठेवा आणि राइट झाल्यावर डिस्कवरच्या फाइलींशी ती ताडून बघा. प्रमाणपत्र कसं भरायचं ते वकील सांगतील. आकडे खरे असण्याची जबाबदारी आपली.

दोन गोष्टी फुटेजला हमखास आडव्या येतात. डीव्हीआरमधून काढलेली एक फाइल ४ जीबीच्या वर गेली तर जेनआयएसओइमेज ती नाकारतो. डीव्हीआरमधूनच तासातासाचे तुकडे काढून घ्या, म्हणजे कुठल्याही मशीनवर उघडतील. डिस्कवरचा ४.७ जीबी हा आकडा हजाराच्या हिशोबाचा आहे. डीव्हीडी+आरमध्ये ४,७०,०३,७२,९९२ बाइट मावतात, १०२४ च्या हिशोबाने ४.३८ जीबी. चार जीबीवर थांबलेलं बरं, बाहेरची कड जुन्या रायटरवर कच्चीच लिहिली जाते.

दुसरी गोष्ट मदरबोर्डावरच्या नाण्याएवढ्या सेलची. सीआर२०३२ संपला की पीसी दर वेळी भलत्याच वर्षात जागा होतो आणि आयएसओच्या मथळ्यात बनवल्याची तारीख म्हणून तेच वर्ष कोरलं जातं. हॅश जुळला तरी तारखेवरून प्रश्न विचारला जाईल. आयएसओ बनवण्याआधी ‘डेट’ टाइप करून बघा. चुकीची असेल तर आधी सेल बदला, बायोसमध्ये घड्याळ लावा, तिथेच आयडीई चॅनल चालू आहेत ना ते बघा आणि मग कोरी डिस्क डब्यातून काढा.